पेशी एकमेकींना धरून कशा राहतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः दोन बाजूंनी येतात. एक बाजू बीएस्सी, एमएस्सी आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांची. दुसरी, घरात कुणाला पेम्फिगससारखा फोडांचा आजार झालाय अशा नातेवाइकांची. दोघांचे प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण उत्तरं एकाच ठिकाणी येऊन मिळतात: अभिस्तर (म्हणजे त्वचेचा किंवा अवयवाच्या अस्तराचा पेशींचा थर) नेमका कोणत्या पातळीवर सुटला हे कळलं, की कोणतं प्रथिन निकामी झालं हे बहुतेक वेळा सांगता येतं. त्वचेत हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून उदाहरणं त्वचेची जास्त आहेत. उपचारांचा निर्णय मात्र तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे.

१. अभिस्तरातल्या पेशींच्या मध्ये डिंकासारखं काही भरलेलं असतं का?

नाही. शेजारशेजारच्या दोन पेशींच्या पटलांमध्ये, पकडीच्या जागी, जेमतेम २० ते ३० नॅनोमीटरची फट असते. पकड येते ती पटलातून आरपार गेलेल्या प्रथिनांमुळे. त्यांचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीच्या प्रथिनाला धरतं. आतलं टोक मधल्या काही प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला, म्हणजे अ‍ॅक्टिन किंवा केरॅटिनच्या तंतूंना, बांधलेलं असतं. बाहेरची पकड शाबूत असली तरी आतला बांध सुटला तर पेशी ताण सोसू शकत नाही.

ही पकड एकदा बसली की कायमची, असंही नाही. आतड्याचं अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवं होतं. जुनी पेशी बाहेर ढकलली जाताना तिच्या शेजारणी खालून एकमेकींना धरून घेतात आणि मगच ती सुटते, त्यामुळे अस्तराला भोक पडत नाही. या सबंध विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

२. टाइट जंक्शन, अ‍ॅडहेरन्स जंक्शन, डेस्मोसोम, हेमिडेस्मोसोम… कोण कुठे असतं आणि कशाला?

आतड्याच्या एका उंच पेशीची कड वरून खाली बघत या. सर्वांत वर टाइट जंक्शन, त्यात क्लॉडिन आणि ऑक्लुडिन. त्याचं काम दोन पेशींमधून काय झिरपू द्यायचं ते ठरवणं. त्याच्या लगेच खाली अ‍ॅडहेरन्स जंक्शन. हा पेशीभोवतीचा पट्टा असतो, त्यात ई-कॅडहेरिन असतं आणि तो आतून अ‍ॅक्टिनला जोडलेला असतो. त्याखाली ठिकठिकाणी डेस्मोसोम. त्यात डेस्मोग्लीन आणि डेस्मोकॉलिन असतात, आणि ते आतून केरॅटिनला बांधलेले असतात. ओढाताण सोसायची ती मुख्यतः यांनी.

हेमिडेस्मोसोम पेशीला शेजारणीशी जोडत नाही, खालच्या आधारपटलाशी, म्हणजे अभिस्तर ज्यावर बसतो त्या प्रथिनांच्या पातळ चादरीशी, जोडतो. त्यात इंटिग्रिन अल्फा-६ बीटा-४ आणि बीपी-१८० ही मुख्य प्रथिनं. परीक्षेत इथे हमखास गोंधळ होतो, कारण नावावरून तो अर्धा डेस्मोसोम वाटतो. प्रत्यक्षात दोघांची पकडणारी प्रथिनं पूर्ण वेगळी आहेत, आणि म्हणूनच त्यांचे आजारही वेगळे आहेत (प्रश्न १० पाहा). गॅप जंक्शन याच कडेला असतं, पण त्याचं मुख्य काम पेशींमधली देवाणघेवाण.

३. ई-कॅडहेरिनला कॅल्शिअम का लागतं?

ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात एकापुढे एक असे पाच घटक असतात. प्रत्येक दोन घटकांच्या सांध्यात कॅल्शिअमचे तीन आयन बसतात. ते बसले की अख्खा दांडा ताठ होतो आणि त्याला ठरावीक बाक येतो. ते निघाले की दांडा लुळा पडतो, आणि प्रथिनं कापणारी एन्झाइमं त्याचा सहज फडशा पाडतात. पकड होते ती टोकाच्या पहिल्या घटकात. दोन्ही बाजूंचे रेणू आपल्या सुरुवातीच्या ट्रिप्टोफॅनची अदलाबदल करून समोरच्याच्या खाचेत तो अडकवतात.

अशी एकेक पकड कमजोरच असते. जोर येतो तो असंख्य रेणू एका जागी दाटीनं जमल्यावर आणि आतून अ‍ॅक्टिननं त्यांना खेचून धरल्यावर.

हे एक प्रथिन एवढं करू शकतं याचा थेट पुरावा जपानमधल्या मासातोशी ताकेइची यांच्या गटानं १९८७ साली दिला. एरवी एकमेकींना न चिकटणाऱ्या उंदराच्या ‘एल’ पेशींमध्ये त्यांनी ई-कॅडहेरिनचं जनुक घातलं, आणि त्या पेशी कॅल्शिअमच्या उपस्थितीत गुच्छ करून राहू लागल्या.

४. मग कॅल्शिअमच्या गोळ्या घेतल्या तर त्वचेची पकड वाढेल का?

नाही. पेशींबाहेरच्या द्रवातलं कॅल्शिअम शरीर पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या मदतीनं अरुंद मर्यादेत राखून ठेवतं, आणि पकडीला लागतं तेवढं तिथे असतंच. गोळ्या हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या कारणासाठी घ्या. कॅल्शिअमशी खरोखर संबंध असलेला एक त्वचारोग आहे, पण तिथेही गोळ्यांचा उपयोग नाही. तो प्रश्न १२ मध्ये आहे.

५. पेशी-संवर्धनाच्या प्रयोगशाळेत ट्रिप्सिनबरोबर ईडीटीए का घालतात?

ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम. ईडीटीए कॅल्शिअम पकडून ठेवतं. एमडीसीके या कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा भरगच्च थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ईडीटीए घाला आणि बघत राहा. आधी पेशींच्या कडा उठून दिसायला लागतात, मग मध्ये पांढऱ्या फटी पडतात, आणि फरशीसारख्या सपाट दिसणाऱ्या पेशी गोल होऊन एकेकट्या उभ्या राहतात. नुसतं ट्रिप्सिन घातलं आणि द्रवात कॅल्शिअम राहिलं, तर पेशी तळापासून सुटतात पण एकमेकींना धरून चकत्यांसारख्या निघतात, कारण कॅल्शिअम बसलेल्या कॅडहेरिनला ट्रिप्सिन सहजी कापू शकत नाही.

ताकेइची यांना शोधाचा धागा इथेच मिळाला. जपानमधून अमेरिकेत बाल्टिमोरला काम करायला गेल्यावर त्यांच्या सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटेनात. फरक शोधता शोधता तो ट्रिप्सिनच्या द्रावणातल्या ईडीटीएपाशी जाऊन थांबला. प्रयोग फसला की आधी द्रावणाच्या बाटलीवरचं लेबल नीट वाचावं, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला याच गोष्टीवरून सांगते.

६. कॅटेनिन म्हणजे काय? बीटा-कॅटेनिन तर कर्करोगाच्या धड्यातही येतं, ते हेच का?

हो, तेच. ई-कॅडहेरिनच्या आतल्या शेपटीला बीटा-कॅटेनिन धरतं, त्याला अल्फा-कॅटेनिन, आणि अल्फा-कॅटेनिन अ‍ॅक्टिनला. पी-१२० कॅटेनिन वेगळ्या जागी बसतं आणि कॅडहेरिनला पटलावरून आत ओढलं जाण्यापासून वाचवतं.

अल्फा-कॅटेनिन विशेष लक्ष देण्यासारखं आहे. त्याच्यावर ताण आला की त्याची घडी उलगडते आणि आत लपलेली विन्क्युलिनची जागा उघडी पडते. विन्क्युलिन तिथे येऊन आणखी अ‍ॅक्टिन जोडतं. म्हणजे जिथे जास्त ओढ बसते तिथेच पकड घट्ट होते.

बीटा-कॅटेनिनचं दुसरं काम डब्ल्यूएनटी संदेशमार्गात आहे. मोकळ्या बीटा-कॅटेनिनला पेशी एरवी लगेच नष्ट करते. त्यासाठी लागणारं एपीसी जनुक बिघडलं की ते साठतं, केंद्रकात जातं आणि पेशीला विभाजनाचे आदेश देणारी जनुकं चालू करतं. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत हा मार्ग बिघडलेला असतो.

७. ‘लीकी गट’ (आतडं गळकं होणं) खरं आहे का? टाइट जंक्शन सैल होतं म्हणतात.

टाइट जंक्शन मुळात पूर्ण बंद नसतंच. क्योतोमध्ये मिकिओ फुरुसे आणि शोइचिरो त्सुकिता यांनी १९९८ साली क्लॉडिन शोधलं. माणसात क्लॉडिनचे वीसहून जास्त प्रकार आहेत, आणि कोणत्या अवयवात कोणता प्रकार आहे त्यावर तिथून कोणते आयन जातील हे ठरतं. मूत्रपिंडात क्लॉडिन-१६ मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम परत शोषायला मदत करतं. ते जन्मतः बिघडलेलं असलं तर मुलाच्या रक्तात मॅग्नेशिअम कमी पडतं आणि मूत्रपिंडात कॅल्शिअम साचतं.

सिलिअ‍ॅक आणि क्रोन्ससारख्या आजारांत आतड्याची पारगम्यता खरोखर वाढते. पण थकवा, डोकेदुखी, पुरळ अशा साऱ्याला ‘लीकी गट’ हे एकच कारण चिकटवून त्यावर विकली जाणारी पावडर घेण्याला आधार नाही. पोटाचा त्रास असेल तर त्याचं निदान करून घ्या.

८. आईला पेम्फिगस सांगितलंय. शरीरात नेमकं काय बिघडतं?

पेम्फिगस व्हल्गारिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती डेस्मोग्लीन-३ विरुद्ध, आणि अनेकांत डेस्मोग्लीन-१ विरुद्धही, आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. ती डेस्मोसोमची पकड सोडवतात. पेशी जिवंत असतात, पण त्यांचं एकमेकींशी नातं तुटतं, आणि मध्ये पाणी भरून फोड येतो. फोडाचं छत पातळ असल्यानं तो लगेच फुटतो. म्हणून घरच्यांना फोडांपेक्षा ओल्या, दुखऱ्या जखमाच जास्त दिसतात.

डॉक्टर फोडाशेजारच्या वरवर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर अंगठ्यानं सरकता दाब देतात आणि वरचा पदर निसटतो का पाहतात. याला निकोल्स्की चिन्ह म्हणतात. घरी हा प्रयोग करू नका, नवी जखम होते.

बायोप्सीत चित्र अगदी बोलकं असतं. फोडाच्या तळाशी सर्वांत खालच्या थरातल्या पेशी एका रांगेत उभ्या असतात. पॅथॉलॉजिस्ट तिला थडग्यांच्या दगडांची रांग म्हणतात. त्या पेशींनी डोक्यावरच्या आणि शेजारच्या पेशींना सोडलेलं असतं, पण खालच्या आधारपटलाला त्या घट्ट धरून असतात, कारण हेमिडेस्मोसोममध्ये डेस्मोग्लीन नसतं. प्रश्न २ मधला फरक इथे डोळ्यांनी दिसतो.

९. सुरुवात तोंडातच का झाली? दंतवैद्याकडे महिनोन्‌महिने गेले, कुणाला कळलं नाही.

हा प्रश्न फार जणांकडून येतो. तोंडात न भरणारी सालपटं आणि जखमा, जेवताना आग, आणि अंगावर काहीच नाही, त्यामुळे निदान लांबतं. पण कारण समजण्यासारखं आहे.

तोंडाच्या अस्तरात सर्व थरांत डेस्मोग्लीन-३ भरपूर असतं आणि डेस्मोग्लीन-१ अगदी थोडं. त्वचेत डेस्मोग्लीन-१ असतं, वरच्या थरांत तर खूपच, आणि डेस्मोग्लीन-३ खालच्या थरांपुरतं. एकाच पेशीत दोन्ही असली तर एक निकामी झालं तरी दुसरं सांभाळून घेतं. म्हणून:

फक्त डेस्मोग्लीन-३ विरुद्ध प्रतिपिंडं असतील तर त्वचा बचावते, तोंड सुटतं. दोन्हींविरुद्ध असतील तर तोंड आणि त्वचा दोन्ही, आणि त्वचेतला फोड तळाच्या थराच्या लगेच वर. फक्त डेस्मोग्लीन-१ विरुद्ध असतील तर तो पेम्फिगस फोलिअ‍ॅशिअस. यात त्वचेचा अगदी वरचा पापुद्रा सुटतो, खपल्या धरतात आणि तोंड स्वच्छ राहतं.

जॉन स्टॅन्ली आणि मासायुकी आमागाई यांनी मांडलेली ही उपपत्ती एका वेगळ्याच आजारानं बळकट केली. लहान मुलांत स्टॅफिलोकॉकस ऑरिअस जंतूच्या विषानं अंगाची साल निघते. २००० साली आमागाईंच्या गटानं दाखवलं की ते विष डेस्मोग्लीन-१ कापतं. प्रतिपिंडांचा संबंध नाही, तरी त्वचा सुटते त्याच वरच्या पातळीवर, आणि तोंड तसंच बचावतं.

आणखी एक बारकावा. नवजात बाळाच्या त्वचेत डेस्मोग्लीन-३ वरच्या थरांतही असतं. म्हणून आईला फोलिअ‍ॅशिअस असला आणि तिची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे गेली, तरी बाळाला सहसा फोड येत नाहीत. आईला व्हल्गारिस असेल तर येऊ शकतात, पण आईची प्रतिपिंडं ओसरली की काही आठवड्यांत जातात.

सगळी प्रकरणं या कोष्टकात बसत नाहीत. प्रतिपिंडांमुळे पेशीच्या आतही संदेश सुरू होतात आणि डेस्मोग्लीन पटलावरून आत ओढलं जातं. पण कोष्टक म्हणून ते फार उपयोगी आहे.

१०. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड एकच का?

नाही, आणि औषधांची मात्रा, कालावधी, धोका सगळंच त्यावर ठरतं. बुलस पेम्फिगॉइडमध्ये हल्ला हेमिडेस्मोसोमच्या बीपी-१८० आणि बीपी-२३० वर होतो, म्हणजे सबंध वरची त्वचा आधारपटलापासून उचलली जाते. छत जाड, त्यामुळे फोड टणक आणि लवकर न फुटणारे. आजार बहुतेक साठी-सत्तरीनंतरचा, आणि फोडांआधी कित्येक आठवडे नुसती खाज असू शकते.

मधुमेहाच्या रुग्णांनी एक लक्षात ठेवावं: व्हिल्डाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी या आजाराचा संबंध आढळला आहे. आपल्याकडे त्या खूप घेतल्या जातात. स्वतःहून बंद करू नका, पण त्वचेच्या डॉक्टरांना गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा.

११. हे लागण होण्यासारखं आहे का? मुलांना होईल का?

पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड स्पर्शानं, ताट-वाटीनं पसरत नाहीत. रुग्णाला वेगळं बसवू नका. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए जनुकांचे काही प्रकार असलेल्या लोकांत पेम्फिगसची शक्यता जरा वाढते, पण आई-वडिलांकडून मुलांकडे तो सरळ जात नाही.

वंशानं येणारे फोडांचे आजार वेगळे, एपिडर्मोलिसिस बुलोसा या नावाचे. तिथेही पातळीच निदान सांगते. तळाच्या पेशीतच फाटलं तर केरॅटिन-५ किंवा १४, आधारपटलात फाटलं तर लॅमिनिन-३३२ किंवा त्याचे सोबती, आधारपटलाच्या खाली फाटलं तर कोलॅजन-७. जर्मनीत बोखुमला २०१५ साली सात वर्षांच्या एका मुलाची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा, लॅमिनिनचं जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून वाढवून, बदलण्यात आली. ते काम इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाचं. नवी त्वचा धरून राहिली.

१२. काखेत आणि जांघेत दर उन्हाळ्यात फोड येतात, वडिलांनाही होते. पेम्फिगसची तपासणी निगेटिव्ह आली. मग काय?

हेली-हेली आजार असू शकतो. यात डेस्मोग्लीन किंवा कॅडहेरिनची जनुकं ठीक असतात आणि प्रतिपिंडंही नसतात. बिघाड असतो पेशीच्या आतल्या गॉल्जीपिंडात कॅल्शिअम भरणाऱ्या पंपात. त्याचं जनुक एटीपी२सी१. पंप अपुरा पडला की पेशींची पकड नीट राखली जात नाही, आणि घाम, घर्षण, उष्णता यांनी ती सुटते. रक्तातलं कॅल्शिअम पूर्ण नॉर्मल असतं, म्हणून गोळ्यांनी फरक पडत नाही. सैल सुती कपडे, घडी कोरडी ठेवणं आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार, यांनी बराच आराम पडतो.

१३. पेम्फिगस बरा होतो का? तुटलेली पकड परत येते?

येते. पेशींची डेस्मोग्लीन बनवण्याची क्षमता शाबूत असते, प्रतिपिंडं कमी झाली की डेस्मोसोम पुन्हा बसतात आणि त्वचा बहुतेक वेळा व्रण न ठेवता भरते. स्टेरॉइड येण्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घेत असे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन-सायक्लोफॉस्फामाइड पल्स (ठरावीक अंतरानं मोठा डोस) उपचार सुरू केले आणि देशभर हजारो रुग्णांना त्यांचा उपयोग झाला. आता प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींच्या घराण्यावर नेम धरणारं रिटुक्सिमॅब पुष्कळदा सुरुवातीलाच देतात.

जखमा भरल्या म्हणून स्टेरॉइड एकदम थांबवू नका. आजार उलटतो, आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तयार नसल्यानं जिवावर बेतू शकतं.

१४. ई-कॅडहेरिन गेलं की कर्करोग पसरतो, हे सरसकट खरं आहे का?

सरसकट नाही. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नसतंच, आणि पेशी एकामागे एक अशा सुट्या रांगेत पसरतात. त्यामुळे गाठ हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतही चुकू शकते. जन्मतःच ई-कॅडहेरिनच्या जनुकात (सीडीएच१) बिघाड असलेल्या कुटुंबांत जठराचा पसरट कर्करोग तरुण वयात होतो. हे १९९८ साली न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून पुढे आलं. अशा व्यक्तींना दुर्बिणीत काही दिसण्याआधीच जठर काढण्याचा सल्ला दिला जातो, कारण सुट्या पेशी वरच्या अस्तराखाली लपून पसरतात.

पण स्तनाच्या नेहमीच्या डक्टल कर्करोगात दूर पसरलेल्या गाठींमध्येही ई-कॅडहेरिन बरेचदा टिकून असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर ते काढल्यावर पेशी जास्त सुटल्या, पण दूरच्या अवयवात जाऊन तग धरू शकल्या नाहीत. पुस्तकात एका ओळीत दिलेला नियम इथे अपुरा पडतो.

१५. पेशी मुद्दाम पकड सोडतात असंही होतं का?

होतं, आणि त्याशिवाय आपण जन्मलोच नसतो. उंदराच्या आठ पेशींच्या गर्भात पेशी आधी गोल, सुट्या दिसतात. मग ई-कॅडहेरिनमुळे त्या एकमेकींवर दाबून सपाट होतात. पुढे मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात) तयार होताना तिथल्या पेशी ई-कॅडहेरिन बंद करून एन-कॅडहेरिन चालू करतात आणि बाह्यस्तरापासून वेगळ्या होतात. जखम झाली की कडेच्या पेशींचे डेस्मोसोमही कॅल्शिअमविना टिकणाऱ्या घट्ट अवस्थेतून सैल अवस्थेत येतात, तेव्हाच त्या सरकून जखम झाकू शकतात.

१६. डेस्मोसोम हृदयातही असतात ना? मग पेम्फिगसमध्ये हृदयाला धोका?

हृदयातलं डेस्मोग्लीन मुख्यतः दोन नंबरचं, त्यामुळे ही प्रतिपिंडं त्याला लागत नाहीत. पण डेस्मोसोमच्या आतल्या प्रथिनांत जन्मतः बिघाड असेल तर त्वचा आणि हृदय दोन्ही भोगतात. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर आढळलेल्या आजारात प्लाकोग्लोबिन बिघडलेलं असतं: लोकरीसारखे केस, तळहात-तळपाय जाड, आणि मोठेपणी हृदयाची लय बिघडणं. अशी त्वचा आणि केस असलेल्या मुलाचा ईसीजी आणि टूडी इको जरूर करून घ्यावा.

१७. बायोप्सी करायची आहे. काय काळजी घ्यावी, आणि रिपोर्टमध्ये काय बघायचं?

दोन नमुने लागतात. एक ताज्या छोट्या फोडाचा, फॉर्मलिनमध्ये. दुसरा फोडाच्या शेजारच्या न फुटलेल्या त्वचेचा, इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेत अडकलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. हा दुसरा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकला तर वाया जातो. तो मिशेल्स माध्यमात (नमुना टिकवणाऱ्या खास द्रवात) पाठवतात, ते नसेल आणि नमुना दिवसभरात पोहोचणार असेल तर सलाइनमध्ये. नमुना घेऊन नातेवाईकच लॅबमध्ये जाणार असतील, तर दोन्ही बाटल्यांवर काय लिहिलंय ते निघतानाच विचारून घ्या.

रिपोर्टमध्ये पेशींच्या कडांनी जाळीसारखं आयजीजी दिसलं तर पेम्फिगस. आधारपटलावर सरळ रेषेत आयजीजी आणि सी-३ (रोगप्रतिकारशक्तीचं एक प्रथिन) दिसलं तर बहुधा पेम्फिगॉइड. काहीच दिसलं नाही आणि घरात इतरांनाही असाच त्रास असेल, तर प्रश्न ११ आणि १२ मधल्या शक्यता डॉक्टरांशी बोला.